वाहता रस्ता कसा तुंबवावा

काल एका चौकात पाच हिरवे दिवे येऊन गेले आणि रांग जागची हलली नाही. इतकी सफाई उगाच येत नाही, त्याला साधना लागते. इच्छुकांसाठी चार युक्त्या.

गर्दी वाढली की प्रत्येक दिशेच्या हिरव्या दिव्याला वीस-वीस सेकंद वाढवा. सिग्नलची फेरी, म्हणजे सगळ्या दिशांचे दिवे एकदा होऊन जाण्याचा वेळ, किती असावी हे सांगणारं वेबस्टरचं १९५८ चं सूत्र कपाटातच राहू द्या. चार फेज (म्हणजे हिरव्याच्या चार पाळ्या), दर फेजला चार सेकंद वाया आणि कळीच्या प्रवाहांची बेरीज (दर फेजमधल्या सगळ्यात भरलेल्या लेनची गर्दी तिच्या क्षमतेच्या किती, याची) ०.७ धरली, तर ते साधारण ९७ सेकंदांची फेरी सांगतं. तुम्ही १८० ठेवा. मग गंमत बघा. वळणाऱ्यांच्या लेनमध्ये सहा गाड्या मावतात. लाल लांबला की सातवी येते आणि तिचं बूड सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत राहतं. सरळचा दिवा हिरवा होतो, पुढे रस्ता मोकळा, आणि मागचे पन्नास जण त्या सातव्या गाडीच्या डिकीचं दर्शन घेत बसतात. यावर उपाय काय काढला जातो? आणखी वीस सेकंद! अहो, वळणाऱ्यांना लवकर सोडायचं सोडून त्यांचाच लाल वाढवताय!

असो. शेजारच्या चौकाशी अबोला धरा. अंतर ५०० मीटर, वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे पुढचा दिवा ४५ सेकंदांनी हिरवा हवा. म्हणूनच एकाला १२० सेकंदांची फेरी द्या, दुसऱ्याला १०० ची. सूर दहा मिनिटांतून एकदा जुळेल.

गाडी आली हे ओळखणाऱ्या, डांबराखालच्या डिटेक्टर लूपची तार खोदकामात तुटली? राहू द्या. कंट्रोलर, म्हणजे दिवे बदलणारी पेटी, ‘गाडी आहे’ असं समजून रिकाम्या रस्त्याला इमानेइतबारे हिरवा देत राहील.

हायवेला मिळणाऱ्या रॅम्पवरचे, गाड्या थोड्या थोड्या आत सोडणारे सिग्नल बंद करा. अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉलमध्ये २००० साली सहा आठवडे बंद ठेवले होते: हायवेवरून पार होणारी वाहनं ९ टक्क्यांनी घटली, अपघात २६ टक्क्यांनी वाढले.

चालकहो, पुढच्याच्या बंपरला नाक लावा आणि दचकून ब्रेक मारा. जपानमधल्या एका प्रयोगात २३० मीटरच्या गोल वाटेवर २२ गाड्या फिरवल्या. ना सिग्नल, ना खड्डा, तरी कोंडी झाली. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही तो रोज करता, फुकट.

आणि पुढे जागा नसताना चौकात घुसणारे! दिवा हिरवा आहे म्हणून मध्ये जाऊन उभं राहायचं, मग आडव्या रस्त्याचा अख्खा हिरवा आपल्या दारावर आपटून परत जाताना बघायचा, वर हॉर्न वाजवायचा. कुणासाठी वाजवता? अडवलंय तुम्हीच. पलीकडे गाडीभर जागा दिसत नसेल तर पट्ट्याच्या अलीकडे थांबा, एवढंही कळत नाही?

सिग्नलवाल्यांनो, तुम्हीही एक तास स्टॉपवॉच घेऊन उन्हात उभे राहा. रांग नीट सुटली तर लेनमधून दोन सेकंदाला एक गाडी जाते. चाळीस सेकंदांत, वाया जाणारे चार सोडून, अठराच्या जागी सातच सुटत असतील, तर त्या पेटीचं झाकण उघडून आकडे वाढवू नका. पुढे चालत जा आणि अडलंय कुठे ते बघा.