लेखी मागू नका, बाबू!

सरकारी नोकरी लागली? अभिनंदन. संत्रा बर्फी वाटून झाली असेल, तर आता ती नोकरी सुखाने कशी करायची ते ऐका. पहिलं काम म्हणजे राज्यघटनेतला अनुच्छेद ३११ विसरून जा. चौकशी केल्याशिवाय आणि तुमचं म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय तुम्हाला बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही, असं काहीबाही त्यात लिहिलंय. अपवाद आहेत, पण मोजके. एवढं ठाऊक असलेला माणूस साहेबांच्या केबिनबाहेर नीट थरथरू शकत नाही, आणि कार्यालयाची शिस्त बिघडते.

दुसरं, आणि खरं तर हेच महत्त्वाचं: साहेबांकडे काहीही लेखी मागू नका. टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावलंय, की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर कामं करू नयेत, आदेशाची नोंद असावी. पण न्यायालय दिल्लीला, तुम्ही नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला. आणि डिसेंबरात, नागपूर कराराच्या कृपेने हिवाळी अधिवेशनासाठी अख्खं मंत्रालय आपल्या गावी उतरलेलं असतं तेव्हा, नोंदी करायला वेळ कोणाला आहे? रजा रद्द, तारांकित प्रश्नांची उत्तरं सकाळपर्यंत हवीत, आणि रात्री साडेनऊला फोन वाजतो. ‘‘ती टिपणी जरा फिरवून घ्या. मी आहे ना!’’

घ्या फिरवून. या ‘मी आहे ना’ला जावक क्रमांक नसतो, तारीख नसते, शिक्का नसतो. टिपणीखाली सही मात्र तुमची असते, तीही पूर्ण नावाची. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तोवर साहेब पुण्याला रुजू झालेले असतात आणि कारणे दाखवा नोटीस तुमच्या टेबलावर रुजू होते. साहेबांना फोन लावलात तर आवाज तितकाच प्रेमळ येईल. ‘‘मी असं म्हणालो होतो का?’’

काही पाताळयंत्री लोक टिपणीतच ‘मा. साहेबांनी दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशानुसार’ असं हळूच घालतात, तारीख-वेळ टाकतात आणि फाइल साहेबांच्याच सहीला वर पाठवतात. अशांच्या नादी अजिबात लागू नका.

बदलीचंही तसंच. २००५ चा बदल्यांचा कायदा म्हणतो की एका जागी साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मेमध्ये, आणि मधेच उचलायचं तर कारणं लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. तुमची झाली ऑगस्टात? ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द वाचा आणि सामान बांधा. नागपूरच्या कार्यालयांत गडचिरोली हा जिल्हा नसून धमकी आहे. (तिथल्या लोकांना याबद्दल काय वाटतं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.) याच कायद्यात फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांवर टेबलावर ठेवू नये असंही आहे, पण ते पान आपल्यातल्या कोणीच उघडत नाही, तेव्हा पुढे चला.

निलंबन झालं तर घाबरू नका, ती शिक्षा नव्हे असं नियम सांगतात. शेजाऱ्यांना समजावून पाहा. निर्वाह भत्ता मिळतो. शिवाय तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन त्यापुढे लांबवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलंय. तुम्ही मात्र हा निकाल दाखवून साहेबांना खजील करू नका.

बाईमाणूस असाल तर भिंतीवरचा फलक शोधा. जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, शिवाय बाहेरची एक सदस्य. फलक बहुधा कूलरच्या मागे सापडेल, ओलीने फुगलेला. त्यावरच्या अध्यक्षा सेवानिवृत्त, एक सदस्य बदलून गेलेल्या, आणि फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे पाण्याने धुतलेले. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची. नंबर शोधण्यात त्यातले किती जातात, तो तुमच्या चिकाटीचा प्रश्न.

एवढं करूनही मनात न्याय-बिय येऊ लागलाच, तर बडे बाबूंना गाठा. चहा पाजून ते सांगतील, ‘‘सरकारशी कोण भांडते बाप्पा? मॅटमध्ये गेलेल्याचं पुढे काही भलं होत नाही.’’ (मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी नोकरांचे नोकरीचे वाद ऐकणारं.) माणूस अनुभवी आहे, ऐका.

तरी पाय ऐकत नसतील आणि तुम्ही मॅटच्या नागपूर खंडपीठाकडे निघालाच, तर आत शिरण्याआधी बाहेरच्या चहाच्या टपरीवर एक नजर टाका. वकिलाच्या शेजारी, फाइल छातीशी धरून, स्वतःच्या बदलीवर स्थगिती मागायला बडे बाबू बसलेले असतील. ओळख दाखवू नका. त्यांनी आज किरकोळ रजा टाकलीय, कारण ‘प्रकृती अस्वास्थ्य’.