चंद्र, चंद्रपूर आणि टिनावरची 'गन'

टिनाच्या शेडवर गन (लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर) धरली, 66 अंश आलं. "चांद्रयान-3 नेही असंच लांबून मोजलं, चंद्र अन् चंद्रपूर सारखंच" असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. साफ चूक. विक्रम लँडरवरच्या चास्टे उपकरणानं सळई मातीत खुपसून 10 सेन्सरनी मोजलं. लांबून, इन्फ्रारेडनं मोजलं ते 2018 साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या इनसाइटनं. त्यात खरी भानगड कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडा बरोबर येतोय का ते ताडून बघण्याची: सेन्सर स्वतःच तापतो-निवतो, वर धूळ बसते. म्हणून नासाच्या मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरवर सेन्सरच्या नजरेत एक तापवता येणारी पट्टी ठेवलीय. तिचं तापमान माहीत असतं, त्यावरून चूक पकडता येते. आपल्या गनला असलं काही नाही. चकचकीत नव्या टिनावर ती बहुधा कमीच दाखवते (गंजकं टिन त्या मानानं प्रामाणिक!). आणि हवामान खात्याचे चंद्रपूरचे 46-47 अंश हे सावलीतल्या हवेचे असतात, टिनाचे नव्हेत.