पुस्तकात असं नाहीये!

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या टेबलावर बसून बाकीच्यांची अख्खी संध्याकाळ नासवायची असेल, तर फार अक्कल लागत नाही. परवा मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर, असताना एका महाशयांनी ते एकहाती करून दाखवलं. त्यांच्या चरणी बसून जे शिकलो, ते तुमच्यासाठी.

डीएम जी छापील मोहीम, म्हणजे पुस्तकातलं तयार साहस, चालवणार आहे, ती आधी दुसरीकडे खेळून या, नाहीतर वाचून काढा. आणि हे कुणालाही सांगू नका. पहिल्या सेशनला निरागस चेहऱ्याने विचारा, "कर्स ऑफ स्ट्राड म्हणजे ती व्हॅम्पायरवाली ना? ऐकलंय थोडंफार." मग बंद खोलीत शिरताच, कुणी फासा टाकायच्या आत म्हणा, "माझं कॅरेक्टर डावीकडची भिंत चाचपतं." का? सहज. आठ इंटेलिजन्सच्या, म्हणजे बेताच्या अकलेच्या, बार्बेरियनला भिंतीपलीकडचं दिसतं.

डीएमने काही बदललं, की मान वर न करता एकच वाक्य टाका: "पुस्तकात असं नाहीये." पुजारी वेगळं बोलला? पुस्तकात असं नाहीये. लांडगे दोन जास्त आले? पुस्तकात असं नाहीये. आमच्या महाशयांचा खरा भडका उडाला तो सनस्वर्ड या जादुई तलवारीवरून. आधीच्या ग्रुपला ती तलवार जिथे मिळाली, तिथे त्यांनी पार्टीला, म्हणजे आमच्या अख्ख्या टोळीला, फरफटत नेलं. बाकीच्यांना जायचं होतं भलतीकडेच. आणि तिथे तलवार नाही! मग जो वाद सुरू झाला, तो सेशन संपेपर्यंत. अरे बाबा, त्याच पुस्तकात डीएमला टारोकाचे, म्हणजे भविष्य सांगायचे, पत्ते काढायला सांगितलंय. तलवार कुठे, बाकीच्या दोन वस्तू कुठे, खुद्द व्हॅम्पायर स्ट्राड शेवटी कुठे गाठ पडणार, सगळं पत्ते ठरवतात. हे पुस्तक ज्यावरून आलं, त्या १९८३च्या मूळ रेव्हनलॉफ्टमध्येही पत्ते होतेच. म्हणजे दर वेळी वेगळं घडावं अशी सोय २०१६च्या या पुस्तकानेच करून ठेवलीय, आणि हा माणूस त्याच पुस्तकाच्या नावाने मला झापतोय! भविष्य सांगणाऱ्या मॅडम इव्हाच्या तंबूत पत्ते याच्या डोळ्यांसमोर काढले होते. तेव्हा साहेब मोबाइलवर होते.

असो. पुढचं.

तुम्ही डीएम असाल, तर पुस्तकात खेळाडूंना वाचून दाखवायला दिलेला चौकटीतला मजकूर एका सुरात वाचा. मधे कुणी प्रश्न विचारला, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.

खेळाडू ठरलेला रस्ता सोडून निघाले, तर पूल पाडा. भागलं नाही, तर दरड.

ज्यांनी कॅरेक्टरची पणजीपासूनची कुळकथा लिहून आणलीय, त्यांना काही न सांगता टूम ऑफ हॉरर्स या जीवघेण्या मोहिमेत सोडा. या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी ती १९७५ मध्ये स्पर्धेत चालवली आणि १९७८ मध्ये ती छापून आली, ती अनुभवी खेळाडूंची जिरवायलाच. तिथल्या त्या हिरव्या राक्षसी तोंडात पणजीसकट सगळं गडप झालं पाहिजे. उलट ज्याला फक्त ऑर्क राक्षस कापायचेत, त्याला राजदरबारात तहाच्या बोलणीला बसवा.

आणि कुणी आपल्याहून वेगळं खेळलं, की "हे खरं रोलप्लेइंग नव्हे" म्हणायला विसरू नका. हा खेळ १९७४ मध्ये आला तोच युद्धखेळांच्या पोटातून. १९८० मध्ये ग्लेन ब्लॅको यांनी एका लेखात खेळण्याच्या चार तऱ्हा मांडल्या: ताकद कमावणं, भूमिका जगणं, डावपेच लढवणं, कथा रचणं. त्यांना काय कळतंय! तऱ्हा एकच, तुमची.

पुरे झालं. उपरोध कळण्याइतकं डोकं असतं, तर ही वेळच आली नसती. लोक आठवडाभर वाट बघून येतात. डीएम रात्र रात्र जागून नकाशे काढतो, पुस्तकातलं आपल्या पार्टीला जमणार नाही ते बदलतो. ते त्याचं कामच आहे! काय हवंय ते तोंडाने सांगा ना. लढाई हवी, गप्पा हव्यात, कोडी हवीत, काहीही चालेल. सेशन झिरो, ती खेळाआधीची बैठक, कशासाठी असते? मोहीम आधी खेळलेली असेल, तर डीएमला बाजूला घेऊन तसं सांगा आणि टेबलावर जीभ आवरा. ते जमत नसेल, तर डीएमच्या पडद्यामागे स्वतः बसा आणि चालवून दाखवा शब्दन् शब्द पुस्तकाप्रमाणे. तेही नको असेल, तर पुस्तक घरीच वाचा, आमच्या टेबलावर येऊ नका.