१५ ऑगस्ट १९५५ : गोव्यातल्या एका ‘साध्या दिवसा’बद्दल

गेल्या काही महिन्यांत डिचोलीतल्या आमच्या नातेवाइकांच्या गटापासून मुंबईतल्या गोवेकरांच्या गटापर्यंत सगळीकडून मला एकच मजकूर येत आहे. ‘१५ ऑगस्ट १९५५ : आमच्या गोव्यातला एक साधा दिवस’ असे त्याचे शीर्षक आहे. त्यातला गृहस्थ सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाच नये पैशांत दोन पाव घेतो, ‘गोमन्तक’ वाचतो, बाजारात जाऊन ऐंशी रुपयांत दहा ग्रॅम सोने घेतो, विलायती मालाने भरलेल्या दुकानांतून मनाजोगती खरेदी करतो, संध्याकाळी आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर ‘बिनाका गीतमाला’ ऐकतो आणि दाराला कडी न लावता झोपी जातो. तिकडे भारतात माणसे रेशनच्या रांगेत उभी होती, इकडे मात्र सुबत्ता आणि शांतता होती, असा त्याचा समारोप आहे. शाळेत शिकणारी मुले हा मजकूर इतिहास समजून पुढे पाठवू लागली आहेत, म्हणून त्यातल्या विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पावाच्या किमतीपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण बाकीची सगळी स्वस्ताई तिच्यावरच उभी आहे. ‘नया पैसा’ हे नाणे भारतात १ एप्रिल १९५७ रोजी आले. त्याआधी भारतातही रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत असत. पोर्तुगीज गोव्यात तर यांतले काहीच नव्हते. तिथे चालणारा रुपया बांकू नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेचा होता आणि त्याचे सोळा तांगे होत. पुढे १९५९ पासून तोही गेला आणि एका रुपयाला सहा एस्कुद या हिशेबाने नवे चलन आले. माझ्या आजोबांच्या फडताळात १९५२ सालचे एक तांग्याचे नाणे अजून आहे. तपकिरी पडलेले, कडा झिजलेल्या, एका बाजूला पोर्तुगालचे राजचिन्ह. तळहातावर घेतले की ते हलके वाटते, पण ज्या माणसाला दिवसभराच्या कामाचे मोजकेच तांगे मिळत, त्याला ते हलके वाटत नसणार. पाव किती तांग्यांना मिळत होता एवढेच सांगून स्वस्ताई ठरत नाही. ज्याच्या घरी तो पाव यायचा होता त्याची दिवसाची मजुरी किती होती, ती वर्षातून किती दिवस मिळत होती आणि त्यातले किती आधीच्या उधारीत वळते होत होते, हे सांगितल्यावाचून किमतीला अर्थ नाही. मजकुरात मजुरीचा आकडा कुठेच नाही.

आजोबांचे डिचोलीच्या बाजारात छोटे किराणा दुकान होते. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या आमच्याकडे उरल्या आहेत. त्यांत रोखीच्या नोंदी थोड्या आणि उधारीच्या भरपूर आहेत. कित्येक नावांपुढे ‘भात झोडल्यावर’ असे लिहिले आहे, काहींपुढे ‘नारळ पाडल्यावर’ आणि पुष्कळांपुढे ‘मुंबईचे पैसे आल्यावर’. गूळ, मीठ, रॉकेल, कापडाचा एखादा वार, याच्या पलीकडे बहुतेकांची खरेदी गेलेली दिसत नाही. मजकुरातल्या गृहस्थासारखे गिऱ्हाईक या वह्यांत मला एकही सापडले नाही.

सोन्याच्या भावाची गोष्ट जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. दहा ग्रॅमला सुमारे ऐंशी रुपये हा आकडा भारतातल्या जुन्या भावांच्या त्या सुप्रसिद्ध कोष्टकातून उचललेला आहे. तो भारतीय बाजाराचा भाव आहे. त्या काळी जगात सोन्याचा अधिकृत दर औंसाला ३५ डॉलर होता आणि डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता. हिशेब केला तर दहा ग्रॅमला साधारण चौपन्न रुपये होतात. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी असल्याने तिथला भाव चढा राहिला, आणि गोव्यात आयात मोकळी असल्याने इथून सीमेपलीकडे सोने चोरून नेण्याचा धंदा फोफावला. पणजीचा भाव मुंबईइतकाच असता तर कुणी जीव धोक्यात घालून रात्री सीमा ओलांडली नसती. म्हणजे ज्या आकड्याने लेखक गोव्याची सुबत्ता सिद्ध करू पाहतो, तो आकडा गोव्याचाच नाही. आणि खरा भाव कमी होता असे धरले, तरी त्याचा लाभ सोने घेऊ शकणाऱ्यांना झाला. आजोबांच्या वहीतल्या माणसांना झाला नाही.

रेशनच्या रांगांबद्दलचे विधान तारखेच्या कसोटीवरच टिकत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत भारतात धान्यावर नियंत्रण होते, हे खरे. पण अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी ते टप्प्याटप्प्याने उठवले आणि १९५४ मध्ये तांदूळही मोकळा झाला. ज्या दिवसाचे हे वर्णन आहे, त्या दिवशी मुंबईतला गोवेकर रेशनच्या रांगेत उभा नव्हता.

वर्तमानपत्राबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले २४ मार्च १९६२ रोजी, म्हणजे १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाल्यानंतर. १९५५ मध्ये पणजीत ‘ओ हेराल्दो’सारखी पोर्तुगीज पत्रे निघत होती आणि त्यांचा मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे जात होता. हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये दक्षिण गोव्यातल्या केप्यातून काढलेले ‘भारत’ हे मराठी पत्र तोवर बंद पडले होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्यावाचून छापता येत नसे, हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा सांगितले आहे. मराठीतून बातमी वाचणारा माणूस त्या सकाळी काय वाचत होता, याचे खरे उत्तर असे आहे की तो चोरून आणलेला मुंबईचा जुना अंक वाचत होता, किंवा काहीच वाचत नव्हता.

रेडिओच्या विधानात तर तीन चुका एकत्र आल्या आहेत. आकाशवाणीचे पणजी केंद्र १९६२ मध्ये सुरू झाले. त्याआधी पणजीत ‘एमिसोरा दे गोवा’ हे पोर्तुगीज सरकारचे केंद्र होते. ‘बिनाका गीतमाला’ आकाशवाणीची नव्हतीच, ती रेडिओ सिलोनवरून लागे. त्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांना दूर ठेवले होते, म्हणून तर सगळा देश सिलोनकडे वळला होता. शिवाय गीतमाला बुधवारी लागत असे आणि १५ ऑगस्ट १९५५ हा सोमवार होता. रेडिओ संचही मोजक्या घरांत होते. वीज शहरांपुरतीच होती आणि गावांतून रात्री रॉकेलच्या चिमण्या जळत.

गोव्याच्या रेडिओची त्या वर्षातली सांगण्याजोगी गोष्ट या मजकुरात आलेलीच नाही. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे भूमिगत केंद्र सुरू केले आणि मुक्तीपर्यंत, सहा वर्षे, ते चालवले. सेन्सॉरने दाबलेल्या बातम्या लोकांना त्या केंद्रावरून कळत. दारे-खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून ते ऐकले जाई.

रेडिओपलीकडच्या करमणुकीबद्दलही थोडे सांगतो. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को इथे चित्रपटगृहे होती आणि पहिला कोंकणी चित्रपट २४ एप्रिल १९५० रोजीच प्रदर्शित झाला होता. गावात मात्र करमणूक म्हणजे देवळातले भजन, काला, दशावतार आणि जत्रेतले उत्सवी नाटक. त्या सोमवारी श्रावण चालू होता, तो श्रावणातला शेवटचा सोमवार. घरोघरी उपास, शंकराच्या देवळात अभिषेक, आणि ख्रिस्ती वस्त्यांत त्याच दिवशी मारियेच्या स्वर्गारोहणाचे फेस्त. १५ ऑगस्टच्या गोव्याचे खरे चित्र काढायचे असते तर लेखकाला एवढे तरी दिसायला हवे होते.

आता भरलेल्या दुकानांकडे येतो. पणजी-मडगावच्या काही दुकानांत घड्याळे, फाउंटन पेने, विलायती मद्य आणि डबाबंद खाद्य स्वस्त मिळत होते, हे मी मोकळेपणी मान्य करतो. पण त्यामागचे कारण सांगायला हवे. १९५४-५५ मध्ये भारताने गोव्याशी आर्थिक व्यवहार तोडले. रेल्वे बंद झाली, बँकांतून पैसे पाठवणे थांबले, ये-जा परवान्यावर आली. तोवर शेजारच्या मुलखातून रोज येणारी भाजी, धान्य आणि कापड समुद्रापलीकडून आणावे लागले. बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून येऊ लागले. लोक याला अजून वैभव समजतात, पण ती नाकेबंदीतली सोय होती. जपानला जाणाऱ्या लोहखनिजाचा पैसा होता म्हणून पोर्तुगीज सरकारला ती परवडली. आणि तो पैसा खाणमालक, व्यापारी आणि सरकार यांच्या हाती प्रथम पडत होता.

या नाकेबंदीचा खरा फटका कुठे बसला, ते आमच्या वहीत दिसते. ‘मुंबईचे पैसे आल्यावर’ अशा नोंदी असलेली पाने पुढे बराच काळ तशीच राहिली आहेत, त्यांच्यावर चुकतेची रेघ नाही. मुंबईतल्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे आचारी, वाजंत्री, बोटीवरचे तारवटी आणि गिरण्यांतले कामगार जे पैसे पाठवत, त्यांवर बार्देशापासून पेडण्यापर्यंत हजारो चुली पेटत होत्या. ते थांबले तेव्हा घरातल्या बायकांनी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी आणि नाचणीची पेज यांवर पावसाळा काढला. हा निर्णय दिल्लीचा होता आणि त्याचा त्रास गोव्याच्या गरिबांना झाला, हेही लपवण्याचे कारण नाही. पण तो दिवस सुबत्तेचा होता असे त्या घरांविषयी कुणी म्हणू नये.

शेवटचे विधान शांततेचे. दाराला कडी नसे, चोऱ्या कमी होत, ही आठवण अनेकांची आहे आणि मी ती खोटी ठरवत नाही. पण ज्या राजवटीत सभा घ्यायला परवाना लागे, जिथे १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बोलायला तोंड उघडताच त्यांना पकडण्यात आले, जिथे गोव्याचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना त्याच मुक्तिलढ्यापायी पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले, तिथल्या शांततेचे वर्णन करताना ती कुणाच्या गप्प राहण्यातून आली होती हेही लिहायला हवे.

आणि लेखकाने निवडलेली तारीख. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही भर पावसात ठिकठिकाणी गोव्याची हद्द ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली, कितीतरी जखमी झाली. हद्दीवरच्या पत्रादेवीला मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय तिरंगा हातात घेऊन पुढे चालत होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबचा करनैल सिंग तिथेच पडला. भारताने गोव्यातली आपली वकिलात बंद केली ती याच्यानंतर काही दिवसांत. पेडण्याहून बांद्याकडे जाताना वाटेत पत्रादेवीचे स्मारक लागते. या मजकुरात दोन पावांची किंमत आहे, पण त्या सोमवारी तिथे पडलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही.