रात्री फिरणारी क्रेन बांधू नका

गेले काही दिवस सोलापुरातल्या सोसायट्यांच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या, झालंच तर भिशीच्या ग्रुपांवरही एक मेसेज फिरतोय. सोबत रात्री काढलेला व्हिडिओ आहे. अंधारात टॉवर क्रेन उभी, वर लाल दिवा, केबिनमध्ये कुणी नाही आणि तिचा लांब हात हळूहळू फिरतोय. खालचा मजकूर थोडक्यात असा : ‘सोलापूरकरांनो, सावध व्हा. ही क्रेन रात्री आपोआप फिरते, कारण तिचे ब्रेक फेल आहेत. एवढा मनोरा खाली नुसत्या बोल्टवर उभा आहे आणि मागे सिमेंटचे दगड टांगलेत, ते कधीही पडतील. समृद्धी महामार्गावर आणि मक्केत अशाच क्रेनने माणसं मारली. लाल दिवा लावून रात्री चोरून काम चालतं. बिल्डरला जाब विचारा, रोज रात्री क्रेन दोरखंडाने इमारतीला बांधायला लावा.’

मला हा मेसेज पाच ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्यांत माझी मावसबहीण आहे. तिच्या गच्चीतून अशीच एक क्रेन दिसते आणि संध्याकाळी तिची मुलं गच्चीवरच खेळतात. तिची भीती मला कळते. माझी नोकरीची बरीच वर्षं बांधकामाच्या साइटवर, अशाच क्रेनच्या खाली गेली आहेत. मेसेजमधली बहुतेक विधानं चूक आहेत, पण लिहायला बसलो ते शेवटच्या मागणीमुळे. लोकांनी दबाव आणला आणि एखाद्या घाबरलेल्या सुपरवायझरने खरंच क्रेन बांधून ठेवली, तर आज नसलेला धोका त्या रात्री तयार होईल.

म्हणून आधी ब्रेकचंच बोलतो.

क्रेनचा उभा मनोरा म्हणजे मास्ट. त्याच्या माथ्यावर दातेरी कडं असतं आणि वरचा सगळा भाग त्या कड्यावर फिरतो. पुढचा लांब हात म्हणजे जिब. साइटवर बरेचजण बूमच म्हणतात. मागच्या आखूड हातावर वजनं असतात. काम चालू असताना हे फिरणं ऑपरेटरच्या ताब्यात असतं. काम संपलं की तो हुक रिकामा करून वर घेतो, ट्रॉली, म्हणजे जिबवरून पुढे-मागे सरकणारी हुकाची गाडी, मास्टजवळ आणतो आणि उतरण्याआधी फिरण्याचा ब्रेक मुद्दाम मोकळा करतो. ‘मुद्दाम’ म्हणतो, कारण बहुतेक क्रेनमध्ये वीज गेली की हा ब्रेक आपोआप लागतो. तो उघडा ठेवायचा तर माणसाला वेगळी कळ दाबावी किंवा दांडी ओढावी लागते. व्हिडिओतली क्रेन फिरतेय याचा अर्थ संध्याकाळी कुणीतरी आपलं काम नीट करून घरी गेलंय.

असं का करायचं? शाळेच्या भूगोलात आपण वातकुक्कुट शिकलो. त्याचं शेपूट मोठं असल्यामुळे वारा त्याला आपोआप फिरवतो. क्रेनचं तेच आहे. जिब मागच्या हातापेक्षा कितीतरी लांब, म्हणून वारा जिबला ढकलत जातो आणि ती वाऱ्याच्या उलट टोकाला जाऊन थांबते. टोक अक्कलकोटकडे असेल तर वारा पंढरपूरच्या बाजूने येतोय असं खुशाल समजा. अशा वेळी वाऱ्यासमोर क्रेनची फक्त अरुंद बाजू असते. तीच जिब ब्रेक लावून किंवा दोर बांधून वाऱ्याला आडवी धरली, तर पन्नास-साठ मीटर लांबीची पूर्ण जाळी वारा अंगावर घेते. मास्ट वाकतोही आणि पिळलाही जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर झाडाचं पान हलत नाही आणि संध्याकाळी पाच मिनिटांत वळवाचा वारा पत्रे उडवतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. त्या पाच मिनिटांत दोर सोडायला वर कोण चढणार? वादळात क्रेन किती ताण सोसेल याचा हिशेब कंपनीने मांडलेला असतो, तो ती मोकळी फिरेल हे धरूनच.

आणखी एक गोष्ट. रिकामी क्रेन मागच्या वजनांमुळे किंचित मागे झुकलेली असते. ती वाऱ्याप्रमाणे फिरली की वारा तिच्या पाठीमागून येतो आणि तिला पुढे रेटतो, म्हणजे मागचा झोक थोडा हलका होतो. बांधून ठेवलेल्या क्रेनवर वारा समोरून आला तर त्याच झोकात भर पडते.

मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूचंही सांगतो. शेजारी उंच इमारती असतील तर वारा त्यांच्यावर आपटून गरगरतो. मग जिब एका दिशेला स्थिरावण्याऐवजी फेऱ्यांवर फेऱ्या मारू लागते. हे चांगलं लक्षण नाही. झुलत झुलत एका बाजूला थांबणारी क्रेन आणि वेगाने, न थांबता गरागरा फिरणारी क्रेन यांत फरक आहे. दुसरी दिसली तर व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी साइटच्या इंजिनीअरला दाखवा. त्याला तो हवाच असतो. रात्री रिकामी जिब आपल्या गच्चीवरून गेली तरी घाबरायचं कारण नाही. पण दिवसा सळयांचा भारा घेऊन ती तुमच्या घरावरून जात असेल, तर तिथे भांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ब्रेकवरून एक प्रसंग आठवतो. एका साइटवर, गाव आणि नाव सांगत नाही, सणाच्या दिवसांत कुणाच्या तरी हौसेखातर क्रेनच्या मागच्या हाताला भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं. दोन दिवसांनी ऑपरेटर तक्रार घेऊन आला, ‘साहेब, वाऱ्याला ही वळेना झालीय.’ मागच्या आखूड हाताला शीड बांधल्यासारखंच झालं होतं. दोन्ही बाजूंना वारा सारखाच धरू लागल्यावर ती वळणार कशी? फ्लेक्स उतरवलं आणि क्रेन पूर्वीसारखी झुलू लागली. तुमच्या भागातल्या क्रेनवर असं मोठं फ्लेक्स दिसलं तर विचारा, कंपनीने एवढ्या मापाला परवानगी दिली आहे का? मेसेज लिहायचाच तर यावर लिहावा.

आता ‘नुसते बोल्ट’. मास्टचे खालचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडलेले असतात. ठोकळ्याचं माप क्रेन आणि जमीन बघून ठरतं, पण अंदाज यावा म्हणून सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, दीड मीटर जाड धरा. ५४ घनमीटर झालं. सळईसकट घनमीटरला अडीच टन धरले तर १३५ टन. रस्त्यावरून फक्त बोल्ट दिसतात, कारण हे १३५ टन जमिनीखाली असतात. ते बोल्ट आणि खिळी, म्हणजे पिना, मास्टचे तुकडे एकमेकांना जोडायला असतात. ते ठरल्या वेळी तपासावे लागतात हे मात्र खरं.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा मानकरी आपण सगळ्यांनी पाहिलाय. एवढी उंच काठी कलली की तो पाय हलवतो, कंबर वळवतो आणि तोल परत आणतो. क्रेनला पाय हलवता येत नाहीत. तिचा सगळा तोल आधीच, त्या ठोकळ्याच्या रुंदीत आणि वजनात भरून ठेवावा लागतो. त्यामुळे विचारायचा प्रश्न बोल्टचा नाही, ठोकळ्याखालच्या जमिनीचा आहे. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर क्रेन उभी करता येत नाही. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदायचं, जमिनीची ताकद तपासायची, काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी मारून पक्कं होऊ द्यायचं आणि मगच मास्ट चढवायचा. ‘माती परीक्षणाचा अहवाल आहे का?’ या एका प्रश्नात त्या अख्ख्या मेसेजपेक्षा जास्त दम आहे.

उंचीचं थोडक्यात. साधारण चाळीस ते साठ मीटरपर्यंत अशी क्रेन ठोकळ्याच्या बळावर एकटी उभी राहू शकते. त्याहून उंच न्यायची झाली तर मास्टला पोलादी चौकट घालून ती इमारतीच्या काँक्रीटला जखडतात. बांधणं हवं ते मास्टला आणि तेही हिशेबाने. जिबला कधीच नाही.

मागचे ‘सिमेंटचे दगड’ म्हणजे ठरावीक वजनाचे ओतीव काँक्रीटचे ठोकळे. पोलादी खिळींवर ते मागच्या हातात अडकवलेले असतात. ते कशासाठी, हे आपल्या जिल्ह्यात समजावणं सोपं आहे. उसाच्या बैलगाडीत मागे जास्त भार झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. क्रेन रिकामी असताना थोडी उलाळ असते आणि पूर्ण भार उचलला की थोडी पुढे जड. मधला तोल सांभाळतात ते हे दगड. ते काढले तर क्रेन जास्त धोक्याची होईल, कमी नाही.

म्हणूनच क्रेन किती टनांची, हा प्रश्न अर्धाच राहतो. वजन गुणिले मास्टपासूनचं अंतर, हा खरा हिशेब. पंधरा मीटरवर सहा टन म्हणजे नव्वद टन-मीटर, आणि साठ मीटरवर दीड टन म्हणजेही नव्वदच. मास्टजवळ सहज उचललेला सळयांचा भारा जिबच्या टोकाला तसाच नेता येत नाही. हा गुणाकार मोजणारी यंत्रणा क्रेनमध्येच असते. मर्यादा ओलांडायला लागली की ट्रॉली पुढे जात नाही, हुक वर उचलत नाही. मला भीती वाटते ती कामाच्या घाईत ही यंत्रणा बंद करून टाकणाऱ्यांची. तशीच भीती हुक तिरका नेऊन जमिनीवरचा माल ओढून घेणाऱ्यांची. क्रेन सरळ वर उचलण्यासाठी असते, ओढण्यासाठी नाही. वारा अंगावर घेणारी शटरिंगची प्लाय वादळी हवेत उचलणंही त्यातलंच. तिचं वजन कमी असतं, पण ती पतंगासारखी वागते.

समृद्धी महामार्ग आणि मक्का. दोन्हीकडे माणसं गेली आणि त्यांच्या मरणाबद्दल लिहिताना निदान नेमकं लिहावं. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धीच्या पुलावर वीस जण गेले. बातम्यांत ‘क्रेन कोसळली’ आलं, पण कोसळला तो गर्डर लाँचर, म्हणजे पुलाच्या खांबांवर गर्डर चढवणारं आडवं यंत्र. मक्केत ११ सप्टेंबर २०१५ ला वादळात पडली ती पट्ट्यांवर चालणारी अजस्र क्रॉलर क्रेन. तिची लांब बूम वारा सुटण्याआधी खाली उतरवून ठेवली नव्हती. १११ जण गेले. दोन्ही टॉवर क्रेन नव्हत्या आणि रात्री मोकळ्या फिरण्याशी दोन्हींचा संबंध नाही.

टॉवर क्रेनचेही अपघात होतात, आणि ते कधी होतात हे माहीत असणं जास्त उपयोगाचं. न्यूयॉर्कमध्ये १५ मार्च २००८ ला सात जण गेले. तेव्हा क्रेनची उंची वाढवणं चालू होतं. मास्टला घालायची कित्येक टनांची चौकट कापडी पट्ट्यांवर टांगली होती, पट्ट्या तुटल्या आणि ती चौकट खालच्या चौकटीवर आदळली. सिएटलमध्ये २७ एप्रिल २०१९ ला क्रेन उतरवताना कामगारांनी वेळ वाचवायला मास्टच्या बहुतेक जोडांच्या खिळी आधीच काढून ठेवल्या होत्या. एक जोराचा झोत आला आणि मास्ट कोसळला. क्रेनवरचे दोन कामगार आणि खालच्या रस्त्यावर गाड्यांतले दोघे असे चार जण गेले.

धोक्याचे दिवस म्हणजे हेच : चढवण्याचे, वाढवण्याचे, उतरवण्याचे. क्रेन वाढते ती आपल्याच हाताने. मास्टभोवती एक पिंजरा असतो. वरच्या भागाचे बोल्ट सोडायचे, हायड्रॉलिक जॅकने तो पिंजऱ्यासह वर रेटायचा, मधल्या फटीत मास्टचा नवा तुकडा सरकवायचा आणि परत जोडायचं. तेवढा वेळ वरचा सगळा भाग मास्टशी जोडलेला नसतो, फक्त पिंजऱ्याच्या आधारावर तोलून धरलेला असतो. जिब तसूभरही फिरवायची नाही, वारा वाढला तर हात लावायचा नाही. उतरवतानाही हेच, उलट्या क्रमाने. शेवटी मोबाइल क्रेन आणून जिब आणि दगड काढतात, तेही ठरल्या पाळीने. सगळे दगड ठेवून आधी जिब काढली तर गाडी उलाळ होणारच.

लाल दिव्याचं एका वाक्यात होण्यासारखं आहे. तो रात्री उडणाऱ्या विमानांना क्रेन दिसावी म्हणून असतो. पण आपल्या शहरात हे वाक्य थोडं लांबवायला हवं. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा होते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, त्यावरून शहरात केवढं वादळ उठलं होतं ते आठवत असेल. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. विमान वाहतुकीच्या नियमांत अडथळा हा अडथळाच असतो, कायमचा असो की तात्पुरता. इमारत दहा मजल्यांची असली तरी तिच्यावरून फिरणारी क्रेन आणखी उंच असते, आणि मोजायची ती उंची. विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्यांनी लाल दिवा लागलेला नसला तर तक्रार करावी, लागला म्हणून नाही.

मावसबहिणीला मी फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. संध्याकाळी तिच्या गच्चीवर गेलो, तिच्या धाकट्याला जिबचं टोक दाखवलं आणि वारा कुठून येतोय ते विचारलं. त्याने बोट ओलं करून हवेत धरलं, मग टोकाच्या बरोबर उलट दिशेला हात केला. तिला मी दोन गोष्टी लिहून दिल्या : क्रेनची उंची वाढवतील किंवा ती उतरवतील ती तारीख बिल्डरकडून आधी लेखी घ्यायची, आणि त्या दिवशी खालचा रस्ता बंद असल्याशिवाय काम सुरू होऊ द्यायचं नाही. त्या दिवशी मुलं गच्चीवर नकोत.