गिझरच्या गळतीबाबत आपण दिलेल्या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार.

विश्रामबागेतील आपल्या घरी नोव्हेंबरमध्ये आमचा कारागीर आला, ‘सेफ्टी वॉल्व्हमधून पाणी ठिबकणारच’ असे सांगून ४०० रुपये घेऊन गेला आणि पुढच्या तीन आठवड्यांत टाकी गळून खालच्या घराच्या छताला ओल आली, असे आपण लिहिले आहे. दुसऱ्या खेपेला ‘आता नवाच घ्या’ असे ऐकावे लागल्यामुळे पहिल्या वेळी मुद्दाम दुर्लक्ष केले असावे, असा संशयही आपण व्यक्त केला आहे. कारागिराची नोंदवही, त्याने काढलेले फोटो आणि आमच्याच माणसांनी उतरवून आणलेला आपला जुना गिझर हे सर्व स्वतः पाहिल्यानंतर मी हे उत्तर लिहीत आहे.

कारागिराचे म्हणणे अर्धे खरे होते. पाणी तापले की प्रसरण पावते. २५ लिटरच्या टाकीतले पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले, तर ते सुमारे ३५० मिलिलिटरने वाढते. पाणी उलटे मागे जाऊ न देणारी झडप आपल्या गिझरला होती, त्यामुळे हे वाढलेले पाणी सेफ्टी वॉल्व्हमधूनच बाहेर पडते आणि ते पडलेच पाहिजे. (या ठिबकण्याला कंटाळून वॉल्व्हचे तोंड एम-सीलने बुजवलेले गिझर आम्ही पाहिले आहेत. तसे कृपया कोणीही करू नये. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिले, तर आतला दाब बाहेर पडायला तेवढीच एक वाट असते.)

परंतु ‘रात्री स्विच बंद असतो, तरी सकाळी खालच्या भांड्यात तांब्याभर पाणी जमलेले असते’ असे आपण त्याला सांगितले होते आणि त्याच्या नोंदवहीतही ते लिहिलेले आहे. येथेच त्याने थांबून विचार करायला हवा होता. रात्री निवत जाणारे पाणी आकुंचन पावते, त्यामुळे तापण्याने वाढलेले पाणी बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. सेकंदाला एक थेंब पडत राहिला, तरी आठ तासांत दीड लिटरच्या आसपास पाणी साचते. म्हणजे आपल्याकडची गळती अखंड चालू होती. अशा वेळी एक तर वॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो किंवा नळाचा दाब जास्त असतो, नाही तर टाकीच गळत असते. हे ओळखण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात. गिझरचा स्विच बंद करावा, थंड पाण्याचा कॉक बंद करावा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा आणि सगळीकडून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. टाकीतला दाब उतरल्यावर वॉल्व्हचे ठिबकणे थांबते. टाकीचे किंवा खालच्या गॅस्केटचे (जोडातल्या रबरी चकतीचे) भोक मात्र ठिबकत राहते. ही तपासणी झाली नाही, ही आमची चूक आहे.

थेंब वॉल्व्हजवळ दिसत होता, हे त्याचे म्हणणे मला समजते, पण ते मान्य करता येत नाही. टाकी आणि बाहेरचे आवरण यांच्यामध्ये फोम असतो; टाकीच्या एका बाजूला सुईएवढे भोक पडले, तरी पाणी त्या फोममध्ये मुरत मुरत भलत्याच ठिकाणी, बहुधा तळाच्या झाकणाच्या कडेने, बाहेर येते. आपला गिझर उघडला तेव्हा भोक तळाच्या जोडाजवळ, भिंतीच्या बाजूला निघाले आणि अर्ध्याहून अधिक फोम ओलाचिंब होता. पहिल्या भेटीच्या फोटोत तळाच्या कडेला पांढरी खरड स्पष्ट दिसते. आपल्या इमारतीत कृष्णेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळले जाते. असे क्षारयुक्त पाणी हळूहळू पाझरले की थेंब खाली पडण्याआधीच सुकतो आणि क्षार तेवढे मागे राहतात. त्यामुळे आमच्या भागात थेंबापेक्षा ही खरडच अनेकदा आधी दिसते.

मला सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट आपण अभिप्रायात एका ओळीत उरकली आहे. त्या आठवड्यात ईएलसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) दोनदा पडला होता आणि कारागिराने ‘व्होल्टेज कमी-जास्त होत असेल’ असे सांगितले. कॉइल आणि थर्मोस्टॅटच्या जोडण्या तळाच्या झाकणातच असतात. तेथे पाणी पोहोचले की करंट गळतो आणि ईएलसीबी नेमका त्यासाठीच पडतो. ओल आणि ईएलसीबी पडणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर गिझर त्याच क्षणी बंद करून ठेवावा, असे सांगणे आमचे कर्तव्य होते. छताच्या ओलीपेक्षा हे अधिक गंभीर होते आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

नवा गिझर खपवण्यासाठी हे केले, हा आरोप मात्र मला स्वीकारता येत नाही. गॅस्केट, वॉल्व्ह किंवा कॉइल बदलता येते. आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी वेल्डिंगने दुरुस्त होत नाही, कारण त्या उष्णतेने आजूबाजूचा मुलामा जळतो आणि काही महिन्यांत शेजारीच नवे भोक पडते. आपल्या टाकीतील मॅग्नेशियमचा दांडा, जो स्वतः झिजून टाकीचे लोखंड वाचवतो, पूर्ण संपून नुसती तार उरली होती. नऊ वर्षांत तो एकदाही बदलला गेला नव्हता. नोव्हेंबरमध्ये गळती ओळखली असती, तरी टाकी वाचली नसती. खालच्या घराचे छत मात्र वाचले असते. आपण नवा गिझर दुसरीकडून घेतलात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

यावरून मी ठरवले आहे ते असे. पहिल्या भेटीचे ४०० रुपये परत करण्यात येतील आणि खालच्या घराच्या छताचा गिलावा व रंग यांचा खर्च दुकान देईल. गिझरची किंमत देणे मला योग्य वाटत नाही. नवा गिझर आमच्याकडचा नसला, तरी त्याची जोडणी, अर्थिंग आणि ईएलसीबी मी स्वतः येऊन विनामूल्य तपासून देईन. बोअरच्या पाण्यामुळे त्याचा दांडा वर्षातून एकदा उघडून पाहावा लागेल, तोही कसा पाहायचा ते त्याच वेळी दाखवीन. खालच्या घरातील मंडळींना सोयीचा दिवस विचारून कृपया दुकानात कळवावे. ओल पूर्ण सुकल्याशिवाय गिलावा करता येणार नाही, त्यामुळे ते काम सुरू होण्यास दोन-तीन आठवडे लागतील, एवढे त्यांनाही आधी सांगून ठेवावे.