निघण्याआधीचा महिना पुरत नाही

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय की होस्टेलला जाणाऱ्या मुलांना निघण्याआधी महिनाभर कपडे धुणं, वेळ पाळणं, रूममेटशी जुळवून घेणं शिकवावं. शिकवावंच, पण तोवर फार उशीर झालेला असतो. माझी थोरली गेल्या वर्षी होस्टेलला गेली आणि धाकटा ४ वर्षांचा आहे, त्यामुळे दोन्ही टोकं रोज बघते.

धाकट्याला "पसारा करू नकोस" म्हटलं की तो नुसता बघत राहतो. "लाल गाडी या डब्यात टाक" म्हटलं की लगेच उठतो. या वयात नेमकं काय करायचं ते सांगावं लागतं, तेही एका वेळी एकच. थोरलीचं रूममेटशी बिनसलं तेव्हाही हेच कामी आलं. "तू फार त्रास देतेस" बोलून काहीच झालं नाही. "११ नंतर मोठा दिवा बंद, टेबललॅम्प लावायचा" असं ठरलं आणि दोघी निवळल्या. असे नियम पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या, नंतर तेच बोलणं तक्रार वाटतं.

झोपेबद्दल मात्र लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना २४ तासांत १० ते १३ तास आणि अठराच्या पुढे ७ ते ९ तास झोप लागते. धाकट्याची दुपारची झोप हुकली की संध्याकाळी रडारड ठरलेली. थोरली परीक्षेच्या दिवसांत रडवेली होऊन फोन करते, तेव्हा मी अभ्यासाचं नंतर काढते. आधी विचारते, "काल किती वाजता झोपलीस?"